उलटा हात

बिडीचा वास बदललाय हे आधी ज्योतिबाच्या ध्यानात आलं. गंगाधर मिस्त्री थोरलीच्या चाकाला पाठ लावून बसला होता आणि बिडी नेहमीसारखी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरून मुठीतून ओढत होता. वाईच्या भिक्षुकाच्या मुलानं बिडी ओढावी, आणि तीही अशी गाडीवानासारखी मूठ करून, याचं शेडमध्ये एके काळी हसू व्हायचं. आता तीस वर्षं झाली, हसणारे केव्हाच पेन्शनीत निघाले. ज्योतिबा तेलाची झारी घेऊन पलीकडून आला, थबकला आणि खाली वाकून त्यानं ती बिडी सरळ गंगाधरच्या बोटांतून ओढून काढली. "आवं मिस्तरी, बोट जळतंय की तुमचं." गंगाधरनं हात पुढे धरून पाहिला. बेचक्यातली कातडी पांढरी पडली होती, कडेला तपकिरी, आणि तिला तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखा वास येत होता. दुखत नव्हतं. कुणा शेजाऱ्याचा हात बघायला मिळावा तसा तो आपला हात बघत राहिला. लक्ष नव्हतं, असं तो म्हणाला, ज्योतिबानं मान डोलावली, पण तो लगेच गेला नाही. झारी हातात घेऊन उगाच थोडा वेळ तिथंच उभा राहिला.

थोरली हे इंजिनाचं नाव. पाटीवरचं इंग्रजी नाव कुणाला धड म्हणता येत नसे, आणि लढाईच्या दिवसांत पितळेची म्हणून ती पाटीही कुणी तरी उतरवून नेली. मिरजेहून सांगलीला पहिल्यांदा रूळ आले तेव्हा खडी ओढायला हे इंजिन आणलं होतं. पुढे मोठी इंजिनं आली, तसं ते शेडच्या मागच्या रुळावर ढकललं गेलं आणि तिथंच राहिलं. धुराड्यात साळुंक्यांनी घरटी केली, पाण्याच्या टाकीत बाभळीचं रोप उगवून वाळूनही गेलं. लढाई संपली आणि फोरमन नानासोंच्या मनात काय आलं कोण जाणे, येत्या संक्रांतीला थोरलीला दोन डबे जोडून, पाहुणे बसवून मिरजेपर्यंत चालवून दाखवतो, असं ते वरच्या साहेबांपुढं बोलून बसले. बोलायचं नानासोंनी आणि निस्तरायचं गंगाधरनं, ही शेडची जुनी रीत. पावसाळाभर त्यानं बॉयलरच्या नळ्या एकेक करून उपसल्या, क्षाराची खपली छिन्नीनं उडवली, आत शिरून एकेका खिळ्यावर हातोडी मारत आवाज ऐकला. धड खिळा खणकन वाजतो, मोडलेला बद्द बोलतो. तसे बद्द बोललेले सगळे खिळे त्यानं बदलले. पूर्वी अशा कामात त्याला जेवणाखाण्याची शुद्ध राहत नसे. या खेपेला शुद्ध होती. जेवायची वेळ झाली की तो उठत होता, जेवत होता, परत येऊन आत शिरत होता. सुख वाटत नव्हतं आणि कंटाळाही येत नव्हता. वय झालं, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं, आणि ते समजूत काढण्यासारखं काही आहे असंही त्याला वाटलं नव्हतं.

घरी त्या संध्याकाळी शरयूनं चहा पुढं ठेवला. तो कोमट होता. हल्ली तो कोमटच असायचा. दसऱ्यापासून घरात चहा निवूनच पुढं येत होता, आमटीही तशीच, आणि कपाचा कान हमखास डावीकडं. तीस वर्षांच्या संसारात जिच्या हातचा चहा फुंकर घातल्याशिवाय तोंडाला लावता आला नाही, तिचं लक्ष उडालं होतं. त्यात नवल नव्हतं म्हणा. लेकीचं, चारुलताचं लग्न साताऱ्याला ठरलं होतं, माघातला मुहूर्त होता, व्याही अण्णा कोर्टात कारकून आणि स्वभावानंही तसेच, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून घेणारे. शरयूच्या डोक्यात पापड, सांडगे, मानपान आणि अण्णा. तिनं बोटाकडं पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं नाही, खोबरेल लावलं आणि वर चिंधी बांधली. तिनं विचारलं नाही याचंच त्याला बरं वाटलं. ती शेजारी गेल्यावर त्यानं तिच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढली. अंगठा दुखला. पहिलं बोट दुखलं, मधलंही. पुढच्या बोटाच्या मध्यावर सुई आली आणि एकदम दुखणं थांबलं, शेताची हद्द संपावी तसं. करंगळी, हाताची पाठ, मनगटापर्यंतची कडा, कुठंच काही नाही. रक्ताचा बारीक ठिपका तेवढा वर येत होता. कोपराखाली, बाहीच्या आत, कातडीचा एक रुपयाएवढा फिका डाग होता. तो त्यानं उन्हाळ्यात पाहिला होता आणि घामोळं म्हणून सोडून दिला होता. या रोगाचं नाव त्याला माहीत होतं. नाव मनात आलं तेव्हा काळजात धस्स व्हायला हवं होतं, आणि ते होत नाही हे पाहून तो सुई पुसून डब्यात ठेवता झाला.

वाईला त्यांचं घर घाटापासून दहा पावलांवर होतं. पहाटे वडील कृष्णेत बुडी मारून ओलेत्यानं वर येत, आणि पूजा होऊन जेवण उरकेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नसे. लहानपणी गंगाधर पायरीवर उभा राहून त्यांच्या पाठीवरून ओघळणारं पाणी बघायचा. एकदा पाय घसरला म्हणून त्यानं त्यांचं धोतर धरलं. वडील रागावले नाहीत. नुसते वळले, पुन्हा पायऱ्या उतरले आणि पुन्हा थंड पाण्यात गेले, माघाच्या थंडीत, दातावर दात आपटत. त्या दिवसापासून त्यानं कुणाला आपणहून हात लावणंच टाकलं. बायकोला, मुलीलाही तो जपूनच शिवे. चारुलता तान्ही असताना शरयू म्हणायची, घ्या की तिला, मोडायची नाही. पुढे तो हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला गेला, तेव्हा वडील म्हणाले होते की त्या लोखंडाला दिवसभर शिवल्यावर मग घरात काय राहिलं. त्यांचं बरोबरच होतं. हात लावायचा आणि कळून घ्यायचं, हेच तर तिथं शिकवत. इंजिन धावून आलं की त्याच्या बेअरिंगला हात लावून बघायचं, तापलंय का. तळहात लावायचा नाही. मिस्त्र्याच्या तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला नीट कळत नाही, आणि चटका बसला तर मूठ मिटते ती नेमकी तापल्या लोखंडावर. लावायचा तो उलटा हात, करंगळीच्या बाजूनं, हळूच. गंगाधरचा उलटा हात पुढे असा तयार झाला की त्यानं गार म्हटलं की ड्रायव्हर पुन्हा वाकूनही बघत नसे. सगळ्या शेडमध्ये कशावर भांडण नव्हतं ते एवढ्याच एका गोष्टीवर.

मिरजेला पॅकिंगची दोरी आणायला जातो, असं सांगून तो एका सकाळी दवाखान्यात गेला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर दोन-तीन माणसं पटकुरं अंथरून बसली होती. त्यांच्याकडं त्यानं बघितलं नाही आणि बघितलं नाही हे त्याच्या लक्षात राहिलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि डोळे मिटायला सांगितले. "मी कापूस लावीन. लागला की हो म्हणा." गंगाधर डोळे मिटून बसला. दोनदा तो हो म्हणाला, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुणी बाई भांडी घासत होती. कौलावर कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. डॉक्टर कशाला तरी उठून गेले असतील, असं त्याला वाटलं, आणि इतका वेळ लागतो तर शेडमध्ये आज ओतकाम व्हायचं नाही, असंही वाटलं. शेवटी त्यानं डोळे उघडले. डॉक्टर तिथंच होते. कापसाची वात त्याच्या हाताच्या पाठीवरून शांतपणे इकडून तिकडं फिरवत होते.

डॉक्टरांनी फार बोलून घेतलं नाही. सुरुवात आहे, लोक समजतात तसा हा जेवायला बसल्यानं पसरत नाही, सहा महिने इथं येऊन राहा, सुया घ्या, पुष्कळ थांबवता येईल. घरी सांगितलंय का, असं त्यांनी विचारलं. संक्रांतीनंतर येतो, असं गंगाधर म्हणाला. संक्रांतीनंतर माघ लागणार होता, तेव्हा खरं म्हणजे त्याला म्हणायचं होतं, लग्नानंतर, आणि लग्नानंतरचंही त्याचं काही ठरलं नव्हतं. कळलं तर शेडमधून घरी बसवतील आणि रेल्वेची खोली खाली करायला लावतील. ते एक वेळ चालेल. पण महारोग्याची मुलगी कोण घरात घेणार? अण्णा तर कापसाशिवाय तपासून घेतील. निघताना डॉक्टर म्हणाले, "ज्या हाताला कळत नाही त्याच्यावर डोळा ठेवायची सवय करा." त्यानं हो म्हटलं. परतीच्या गाडीत तो सांगलीपर्यंत मांडीवरच्या आपल्या हाताकडं बघत होता. शेजारच्या उतारूनं दोनदा विचारलं, काही हरवलं का.

थोरलीच्या मोठ्या दांड्याची बेअरिंगं त्यानं मार्गशीर्षात ओतली. पांढरा धातू वितळवून कवचात ओतायचा, निवला की भुऱ्याच्या धारदार पात्यानं खरवडायचा, काजळी लावून दांड्यावर बसवायचा, काजळी जिथं चिकटते तिथं उंचवटा, तो पुन्हा खरवडायचा. शेवटचे उंचवटे काजळी दाखवत नाही, ते बोटाला कळतात. इथं तो डावा हात वापरू लागला. डाव्या हाताला कळत होतं, पण तो अडाणी होता, कळलेलं त्याला सांगता येत नव्हतं. ज्योतिबा शेजारी दांडा धरून उभा राही. तो जतच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात मेंढरं गेली आणि हा कोळसा टाकायला आला, आता इंजिनाचं तेलपाणी बघायचा. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. एक दिवस काजळी पुसता पुसता तो सहज म्हणाल्यासारखा म्हणाला, "आमची एक चुलती हुती, हरणाबाई. चुलीतला इस्तू हातानं सारायची. आमाला पोरास्नी वाटायचं, लय धीट हाय." त्यानं काजळीचं फडकं उलटं केलं. "पुढं तिला रानात खोपी घालून दिली. पर माझी आई रोज भाकरी घिऊन जायाची तिकडं. तिच्यासंगं बसून खायाची. आईला कवा काय झालं न्हाई." गंगाधरनं भुरा खाली ठेवला नाही. ऊन शेडच्या पत्र्याच्या भोकांतून थोरलीवर पडलं होतं. त्याला एवढंच समजलं की आता ही गोष्ट दोघांची झाली. तिचं ओझं अर्धं व्हावं की नाही? ते होतं तेवढंच राहिलं. त्यानं दांडा फिरवायला सांगितला आणि ज्योतिबानं फिरवला.

संक्रांतीला थोरलीला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, बॉयलरवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. काळ्या चंद्रकळा नेसलेल्या बायका डब्यांत चढल्या, त्यात शरयू आणि चारुलता. अण्णांना नानासोंनी खास बोलावलं होतं. मिस्त्र्याचे व्याही म्हणून ते पहिल्या डब्यात खिडकीशी बसले होते. शिट्टी वाजली तेव्हा पाहुण्यांच्या अंगावर काटा आला असेल. गंगाधर फूटप्लेटवर दांडीला धरून उभा होता आणि मीटरच्या काट्याकडं बघत होता. चाकं फिरली. वीस वर्षं गंजत पडलेलं धूड हललं, मग चाललं, मग त्याचा श्वास सारखा पडू लागला. ज्योतिबाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. गंगाधरनं आत कुठं काही हलतंय का ते चाचपून पाहिलं. काही हललं नव्हतं.

विश्रामबागेला गाडी थांबवायची असं ठरलं होतं, बेअरिंगं बघायला. गंगाधर खाली उतरला. तीन आठवडे त्यानं डावा हात लावायची सवय केली होती, रोज, चुलीपाशी, नळापाशी, लपून. पण नानासो समोर उभे होते, डब्यातून माणसं वाकून बघत होती, खिडकीत अण्णांचं पागोटं होतं, आणि तो वाकला तसा तीस वर्षांचा उलटा हात आपल्या आपण पुढं गेला. बेअरिंगवर टेकला. टेकून राहिला. "गार," गंगाधर म्हणाला.

नानासोंनी मिरवत डब्यांकडं पाहिलं. त्याच वेळी ज्योतिबानं झारीचं तोंड दांड्याशी नेलं, बोट लागलं आणि त्यानं हात झटकून मागं घेतला. तो मिस्त्र्याकडं बघत राहिला. नानासोंनी ते पाहिलं, पुढे येऊन स्वतः हात लावला आणि चटका बसून शिवी हासडली. तेलाचा धूर निघू लागला होता. अजून मैलभर गेलं असतं तर धातू वितळून दांडा मोकळा झाला असता आणि मागच्या दोन डब्यांचं काय झालं असतं ते देवालाच ठाऊक. नानासो ज्योतिबावर उलटले. निघताना तेल घातलं नाहीस, पूजेच्या गडबडीत हात आखडलास, आजच्या आज बिऱ्हाड उचल, असं ते सगळ्यांदेखत बोलले. मग गंगाधरकडं वळून, आवाज उतरवून म्हणाले की पंत, तुम्ही याला पाठीशी घालायला गार म्हणालात ते मला कळत नाही का, पण असल्या गोष्टीत दयामाया कामाची नाही. गंगाधरनं गार चुकून म्हटलं असेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यांचा त्या हातावर इतका विश्वास होता.

ज्योतिबा खाली बघत होता. "चुकलं माजं," तो म्हणाला.

आता गप्प बसायचं होतं, तेवढंच. गंगाधर गप्प बसला. ज्योतिबाचं बिऱ्हाड शेडमागच्या खोपटात होतं, बायको बनाबाई कोळशाची चूर वेचायची. त्याला कुठंही काम मिळेल, असं गंगाधरनं मनात मांडलं. चारुलताला दुसरं स्थळ मिळायचं नाही. ते खरंच होतं. त्यानं हातावर डोळा ठेवला. हाताच्या पाठीवर, करंगळीखाली, एक फोड हळूहळू पाण्यानं भरत होता, चंद्राच्या कोरीएवढा, मग मोठा. तो बघता बघता त्याला वाईची पायरी दिसली, आणि शिवलं गेल्यावर न बोलता पुन्हा थंड पाण्यात उतरणारे वडील. त्याला भीती वाटली. किती तरी दिवसांनी काही तरी वाटलं, आणि ती भीती होती.

"तेल भरपूर होतं," तो म्हणाला. आपला आवाज त्याला डब्यांपर्यंत जाताना ऐकू आला. "बेअरिंग खरवडलं मी. उंचवटा राहिला तो माझ्या हातून. आणि या हाताला गरम कळत नाही, नानासो. मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलंय. मला महारोग आहे."

नानासो एक पाऊल मागं सरले. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं, आणि केल्यावर त्यांना लाज वाटली, हेही दिसलं. पहिला डबा हळूहळू रिकामा झाला, माणसं दुसऱ्या डब्यात जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली. अण्णा उतरले, उपरणं सारखं केलं आणि सांगलीकडं जाणारा टांगा कुठं मिळेल, अशी स्टेशनाच्या हमालाकडं चौकशी करू लागले. शरयू तांब्या घेऊन खाली आली. तिनं फोडावर पाण्याची धार धरली. गंगाधर म्हणाला, तुला सांगायला हवं होतं.

"दसऱ्याला आरती घेताना हात निरांजनावर ठेवून उभे होतात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी तबक ओढून घेतलं. तेव्हापासून चहा निववूनच देते."

बेअरिंगची पकड सैल केली, तेल ओतलं, ओली फडकी गुंडाळली, आणि थोरलीनं बैलगाडीच्या चालीनं मिरज गाठायचं असं ठरलं. झारी ज्योतिबाच्या हातीच राहिली. गंगाधर आयुष्यात पहिल्यांदा थोरलीच्या डब्यात बसला. समोरच्या बाकावर चारुलता खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिची पाठ हलत होती. तिला काय सांगावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि ते न सुचणं आता दुखत होतं. शरयू म्हणाली की नाही तरी मिरजेलाच चाललोय, तर दवाखान्यात आजच जाऊ, मी राहते तुमच्याबरोबर. गाडी दर थोड्या वेळानं थांबे. ज्योतिबा उतरून वाके, उलटा हात लावी, आणि खिडकीशी येऊन फक्त त्यालाच सांगे, "मिस्तरी, गार हाय." गंगाधर मान हलवी. तिसऱ्यांदा त्यानं मान हलवली आणि डॉक्टरांचं आठवून हाताकडं बघितलं. हात शरयूच्या मांडीवर होता, तिच्या दोन्ही हातांत. तिनं तो केव्हा घेतला होता ते त्याला कळलं नव्हतं.